काउंटरवरची चार मिनिटं

गोळ्यांची स्ट्रिप कापायची एक रीत असते. ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं आणि उलट्या बाजूने कापत यायचं. शेवटच्या दोन गोळ्या संपेपर्यंत तारीख आपल्या डोळ्यांसमोर राहते. गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो तुकडा मुका असतो. फार तर औषधाच्या नावाची दोन अक्षरं आणि लाल रेघेचा एक ठिगळ.

परळीजवळच्या सिरसाळ्यात मी मेडिकल टाकलं त्याला आता २६ वर्षं होतील. त्यातली पहिली १८-१९ वर्षं एका बाबतीत माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. औषधं जंतूंवर चालेनाशी झालीत, याला जबाबदार कोण? तर काउंटरच्या पलीकडचा माणूस. पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या तर दोन दिवसांच्या घेणारा. ताप उतरला की उरलेल्या देवळीत ठेवून देणारा आणि सहा महिन्यांनी त्याच लेकराला देणारा. मी डी. फार्मसी झालेला, मला कळत होतं. त्याला कळत नव्हतं. उपाय सोपा होता, त्याला समजावून सांगायचं. नाही समजला तर रागवायचं.

रागवायला माझ्याकडे एक गोष्टही होती. कॉलेजात एका सरांनी सांगितलेली. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग १९४५ साली नोबेल घ्यायला गेले, तेव्हा भाषणाच्या शेवटी त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. त्याचा घसा धरतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि थोडंच घेतो. जंतू मरत नाहीत, उलट शिकून शहाणे होतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिच्यावर औषध चालत नाही आणि ती जाते. मी त्या गृहस्थाला धोतर नेसवलं होतं. माझ्या गोष्टीत तो परळीच्या बाजाराला येणारा शेतकरी असायचा आणि बायको मरायची तेव्हा मी आवाज खाली आणायचो. बायाबापड्या ऐकून घ्यायच्या. चुकचुकायच्या. मग म्हणायच्या, ‘बरं, आता दोन दिवसांच्याच द्या.’

आणि मी कात्री उचलायचो.

हे लिहिताना आजही जरा अवघडल्यासारखं होतं. उपदेश आणि विक्री दोन्ही एकाच तोंडाने, एकाच मिनिटात. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. सेफिक्झिमसारख्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आला. मी रजिस्टर केलं, लाल पुठ्ठ्याचं. ते मी रविवारी दुपारी घरी बसून भरायचो. आठवड्याचा खप समोर ठेवायचा आणि नावं जुळवत जायचं. डॉक्टरांची नावं खरी असत, चिठ्ठ्या नसत. भिंतीवर मात्र मीच छापून आणलेला बोर्ड होता: ‘अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा.’

माझा राग सगळ्यात जास्त निघायचा तो ऊसतोडीला जाणाऱ्यांवर. दसरा झाला की आमच्या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी ठरलेली असते, ट्रॅक्टर दारात येतो. निघायच्या आदल्या दिवशी बायका दुकानात येतात आणि सहा महिन्यांचा साठा मागतात. तापाच्या, अंगदुखीच्या, जुलाबाच्या आणि ‘इन्फेक्शनच्या’. एक बाई दरवर्षी यायच्या. त्यांची यादी पाठ झाली होती मला. एका वर्षी मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, ‘ताई, काही झालं तर तिथल्या दवाखान्यात जा. अंदाजाने गोळ्या खाऊ नका. अशानेच औषधं निकामी होतात.’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, दवाखान्यात गेलं की खाडा पडतो. खाड्याचे पैसे मुकादम कापतो. तुमी देता का?’

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून राग आला आणि त्या रागात मी त्यांना दोन पट्ट्या दिल्या. पूर्ण दिल्या, कापल्या नाहीत, एवढंच काय ते माझं समाधान.

*

माझं मत बदललं ते वाचून नाही, कुणाचं भाषण ऐकूनही नाही. घरातच बदललं.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अण्णांना, माझ्या वडिलांना, लघवीला जळजळ सुरू झाली. वय ७६. मी दुकानातून येताना नॉरफ्लॉक्सासिन आणली. तीन दिवसांत बरं वाटलं. अण्णा म्हणाले, बस झालं. मीही म्हटलं, बस झालं. पंधरा दिवसांनी परत तेच. या वेळी ऑफ्लॉक्सासिन. परत उतरलं, परत आलं. मग सेफिक्झिम. तिसऱ्या खेपेला मी बायकोला म्हणालो, जरा पावरची दिली की जाईल. ‘पावरची गोळी’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून आला की मी हसायचो. त्या दिवशी तो माझ्याच तोंडातून निघाला आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

एका रात्री त्यांना हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. सकाळी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे लघवी कल्चरला पाठवली. रिपोर्ट आला चौथ्या दिवशी. ई. कोलाय, आणि खाली औषधांची यादी. प्रत्येक नावापुढे एक अक्षर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. मी कागद हातात घेतला आणि वरून खाली बोट फिरवत गेलो. नॉरफ्लॉक्सासिन, आर. ऑफ्लॉक्सासिन, आर. सेफिक्झिम, आर. मी दिलेली तिन्ही औषधं, मी दिली त्याच क्रमाने. एस होतं ते शेवटी, शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांपुढे.

अण्णा वाचले. इंजेक्शनं लागू पडली. पण आठवडाभर त्यांच्या कॉटजवळच्या स्टुलावर बसून मी एकच विचार करत होतो. मी अडाणी नव्हतो. माझ्याकडे बोर्ड होता, रजिस्टर होतं, फ्लेमिंगची गोष्ट होती. कल्चर करायला हवं हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मग का नाही केलं? कारण नमुना घेऊन परळी गाठायची, नाहीतर अंबाजोगाई, मग तीन दिवस वाट बघायची. आणि अण्णांना जळजळ त्या रात्री होत होती. मी अंदाजाने गोळी दिली, कारण अंदाज ताबडतोब मिळत होता आणि माहिती तीन दिवसांनी मिळणार होती. खाड्याचं कारण सांगणारी ती बाई आणि मी, आमच्यात फरक काय होता? तिला खाडा पडत होता. मला तर तेवढाही पडणार नव्हता.

*

पुढचा धागा मुलीने दिला. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत दुकानात बसते आणि नको ते प्रश्न विचारते. एकदा म्हणाली, ‘बाबा, तुमचं गिऱ्हाईक काउंटरवर किती मिनिटं थांबतं?’ मी म्हटलं, असेल पाच-दहा मिनिटं. ती म्हणाली, मोजा. आठवडाभर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. उधारी मागणारे सोडले तर चार मिनिटांच्या वर कुणी थांबत नव्हतं.

‘म्हणजे तुम्हाला चार मिनिटांत कळायला पाहिजे की याला अँटिबायोटिक लागतं का, आणि कुठलं. कळतं का?’

‘नाही.’

‘डॉक्टरला कळतं?’

‘त्यालाही नाही.’

‘मग तुम्ही गिऱ्हाइकावर कशाला चिडता? हा तर वेळेचा प्रश्न आहे.’

हा वेळेचा प्रश्न आहे, हे वाक्य मी बरेच दिवस चघळत राहिलो. कल्चरला तीन दिवस का लागतात, हे मी शिकलो होतो, पण त्याच्यावर कधी विचार केला नव्हता. जंतू डोळ्यांना दिसत नाही. दिसावा म्हणून त्याला बशीत वाढवायचं; एकाचे दोन, दोनाचे चार करत लाखो होतात तेव्हा कुठे टिपका दिसतो. यात एक रात्र जाते. मग ते जंतू दुसऱ्या बशीत पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि कुठल्या चकतीभोवती वाढ थांबते ते बघायचं. दुसरी रात्र. त्यात नमुन्याचा प्रवास आणि रविवार मिळवा. म्हणजे तीन दिवस लागतात ते जंतू हळू वाढतो म्हणून नव्हे, ई. कोलाय तर २० मिनिटांत दुप्पट होतो. लागतात ते आपल्याला एक जंतू दिसत नाही, ढीग झाल्यावरच दिसतो म्हणून.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. ढीग व्हायची वाट कशाला बघायची? त्यांनी दहा हजारांवर सूक्ष्म नळ्यांची एक पट्टी केली. लघवीचे थेंब सोडले की जंतू त्या नळ्यांत एकेक करून अडकतात. काही नळ्यांतून एक औषध वाहतं, काहींतून दुसरं, काहींतून कुठलंच नाही. वरून सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा बघत राहतो, कुठल्या रांगेतला जंतू लांब व्हायचा थांबला. आमच्या भाषेत सांगायचं तर पाभरीने सरळ तास काढून पेरायचं आणि कुठल्या तासातलं उगवून आलं नाही ते पहायचं. शेतातला तास आणि घड्याळाचा तास एकाच शब्दात बसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. उत्तर पाऊण तासात मिळतं. अशी पटकन होणारी तपासणी शोधणाऱ्याला ८० लाख पौंडांचं बक्षीस ब्रिटनने २०१४ साली लावलं होतं. दहा वर्षं कुणाला ते जिंकता आलं नाही. जून २०२४ मध्ये या यंत्राने जिंकलं.

पाऊण तास म्हणजे चार मिनिटं नव्हेत, हे मलाही कळतं. पण परळीच्या बसची वाट बघत माणूस पाऊण तास सहज बसतो.

स्वीडन फार लांब वाटत असेल तर गोव्याकडे बघा. टीबीच्या बाबतीत हेच काम आपल्याकडे झालंय. जुन्या पद्धतीत थुंकीतला जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देतो की नाही हे कल्चरवर कळायला आठवडेच्या आठवडे जायचे. टीबीचा जंतू मुळात मंद, आणि तोवर पेशंट नको ती औषधं घेत खोकत फिरायचा. गोव्यातल्या मोलबायो या कंपनीचं ट्रूनॅट म्हणजे टेबलावर मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. नखाएवढ्या चिपवर जंतूचा जनुक ओळखतं. टीबी आहे का हे तासाभरात, आणि रिफाम्पिसिन चालेल का हे आणखी तासाभरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. कोरोनात आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नाकातले बोळे याच यंत्रात गेले असतील. एसी खोली नको, चोवीस तास वीज नको. आमच्याकडचं भारनियमन माहीत असलेल्याला यातलं मोठेपण सांगायला नको. हे यंत्र करणाऱ्यांनी आधी दवाखान्याची खोली बघितली, मग यंत्र केलं.

लोक बेशिस्त म्हणून औषधं निकामी झाली, या माझ्या सिद्धांतालाही टीबीनेच आणखी एक तडा दिला. डॉ. मुकुंद उपळेकर यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांची पाहणी केली, ती १९९१ साली छापून आली. टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली, तर १०० डॉक्टरांनी ८० तऱ्हेच्या चिठ्ठ्या लिहिल्या. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हा, आणि बरोबर फक्त ६. हे आकडे वाचले त्या दिवशी मी आमच्या शेतकऱ्याच्या बायकोला गोष्टीतून जिवंत केलं. म्हणजे ती गोष्ट सांगणंच बंद केलं.

बोर्डही उतरवला. त्याला कारण वेगळं. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं, की कोर्स अर्धवट सोडल्याने जंतू बळावतात या समजुतीला, बहुतेक साध्या आजारांत, पुरावा फारसा नाही. उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने शरीरातल्या बाकीच्या जंतूंना औषधाची सवय होते. टीबीचं तसं नाही. तिथे मधेच थांबणं म्हणजे खड्ड्यात उडी, हे मी आजही प्रत्येकाला सांगतो. पण घसा, लघवी, न्यूमोनिया यांच्यात सात दिवस की पाच दिवस, हे आकडे कुठून आले? बरेचसे सवयीतून. मी २० वर्षं ज्याच्या नावाने लोकांना झापत होतो, ते वाक्य स्वतःच अर्धवट निघालं.

*

मग मला एका वेगळ्या प्रकारच्या बातमीत रस वाटू लागला. माणसाला औषधासारखं वागायला लावण्यापेक्षा औषध माणसाच्या वागण्याला बेतणं, अशा बातम्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅफिथ्रोमायसिन आलं. भारतात शोधलेलं आणि वाढवलेलं अँटिबायोटिक, आणि ते करणाऱ्या वोखार्टची प्रयोगशाळा आमच्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला. न्यूमोनियासाठी रोज एकदा, तीन दिवस. फुप्फुसात जाऊन ते टिकून राहतं म्हणून तीन दिवस पुरतात. मला हे फार आवडलं. तीन दिवसांचा कोर्स मधेच सोडायला माणसाला वेळच मिळत नाही.

दुकानात मी हे औषध कंपनीच्या एका एमआरला मोठ्या हौसेने सांगितलं. तो हसला. म्हणाला, ‘साहेब, अझिथ्रोमायसिन पण तीनचंच होतं ना?’

त्याने माझी हवाच काढली. खरं होतं. पाचशेची अझिथ्रोमायसिन, तीन गोळ्यांची छोटी पट्टी, रोज एक. इतकी सुटसुटीत की कापायचीच गरज नाही. म्हणून तर ती शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी खपली. कोरोनाच्या दोन वर्षांत लोक नावाने मागायचे, ‘ती तीनची द्या.’ विषाणूवर तिचा काही उपयोग नव्हता आणि मी देत होतो. गोष्ट सोपी केली की ती चांगल्यालाही सोपी होते, वाइटालाही. इंजिनिअर लोकांनी हेही मोजायला हवं, असं मी मुलीला म्हणालो. ती म्हणाली, म्हणून आधी तपासणीचं यंत्र, मग गोळी. मी म्हटलं, आणि यंत्राच्या चिप संपल्या की? ती गप्प बसली. कधी कधी मीही जिंकतो.

*

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते कुठल्या यंत्राने नाही, एका नळाने.

माझ्या दुकानात अँटिबायोटिक कशावर खपतं? उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की जुलाब, टायफॉइड. पावसाचं पहिलं पाणी विहिरीत उतरलं की परत जुलाब. हा खप मला २६ वर्षं तोंडपाठ आहे. मार्चमध्येच मी ऑर्डर वाढवतो. म्हणजे आजार कधी येणार हे दुकानदाराला आधी कळत होतं आणि तरी तो औषधाचाच साठा करत होता. धंदा आहे, नाही म्हणत नाही.

ढाक्यात एक प्रयोग झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. वस्तीतल्या सार्वजनिक नळांना एक छोटं साधन जोडलं. वीज नाही, माणूस नाही. पाणी वाहिलं की आपोआप क्लोरीन मिसळतं. तुलनेसाठी काही नळांना क्लोरीनऐवजी व्हिटॅमिन सी सोडलं, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते कुणालाच कळू नये. क्लोरीनच्या नळांवरच्या मुलांचे जुलाब जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी झाले. आणि त्या घरांत अँटिबायोटिकही कमी लागलं. आयांना कुणी भाषण दिलं नव्हतं. बोर्ड नव्हता. त्यांनी फक्त नळ सोडला होता, जसा रोज सोडतात.

२०२४ साली लॅन्सेटमध्ये हिशेब आला, की पाणी, स्वच्छता, दवाखान्यातली निगा आणि लसी एवढं नीट केलं तर गरीब देशांत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंशी निगडित साडेसात लाख मृत्यू दरवर्षी टाळता येतील. नवीन एकही औषध न शोधता. लसीचं उदाहरण तर घराजवळचं आहे. टायफॉइडची नवी संयुग्म लस जगात पहिल्यांदा सरकारी मोहिमेतून दिली गेली ती २०१८ साली, नवी मुंबईत. ज्याला टायफॉइड झालाच नाही त्याला माझ्या काउंटरवर यायचं कारणच उरत नाही.

हे सगळं वाचून मी एक साधी गोष्ट केली. जलसुरक्षकाकडे असते तशी ओटी टेस्टची बाटली आणली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. पहिली टेस्ट घरचीच केली, म्हणजे दुकानामागच्या काळ्या टाकीतल्या पाण्याची. ज्या टाकीत मी दर उन्हाळ्यात विकतचा टँकर ओततो. जे पाणी अण्णा पीत होते, पोरं पितात, आणि दुकानात चक्कर आलेल्या गिऱ्हाइकाला मी ग्लासात देतो. थेंब टाकले. नळी उजेडात धरली. पाणी जसं होतं तसं राहिलं, स्वच्छ, काचेसारखं. बायको म्हणाली, ‘बघा, किती छान पाणी आहे आपलं.’

क्लोरीनची टीसीएल पावडर माझ्या दुकानातच होती. हजार लिटरला पाच ग्रॅम, हे मी लोकांना सांगत आलोय. माझ्या टाकीत ती कधीच पडली नव्हती.

*

आता मी काय मानतो? तर ज्या गोष्टीला रोज कुणीतरी आठवण ठेवावी लागते, ती गोष्ट आठवणीवर सोडू नये. नळात घालावी, पट्टीत घालावी, यंत्रात घालावी. आठवण ही श्रीमंताची चैन आहे. ऊस तोडून रात्री दहाला कोपीत परतलेल्या बाईने आपल्या नातवाच्या काळातली औषधं टिकावीत म्हणून आज गोळी मोजून घ्यावी, ही अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करत होतो? आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांची समिती होती. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यावर खूप लिहून आलं, डॉक्टरांवर, मुकादमांवर. मला त्या आकड्याच्या मागे माझं काउंटर दिसतं. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, अंगावरून पांढरं जातंय, लघवीला आग होतेय. गोळी. परत गोळी. पावरची गोळी. यातल्या पहिल्या किती गोळ्या माझ्या दुकानातल्या होत्या, ते रजिस्टरमध्ये नाही.

कात्री अजून गल्ल्याशेजारीच आहे. अँटिबायोटिकला मी ती लावत नाही आणि चिठ्ठीशिवाय देत नाही, असं म्हणायला आवडलं असतं. दहापैकी सात वेळा देत नाही. उरलेल्या तीन वेळा समोरचं लेकरू तापाने फणफणलेलं असतं, रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि मला माझ्या बापाची हुडहुडी आठवते.

यंदा दसऱ्यानंतर त्या बाई आल्या. यादी तीच. मी ओआरएसची पाकिटं दिली, पॅरासिटामॉल दिली, आणि ‘इन्फेक्शनच्या’ पट्टीऐवजी मेडिक्लोरच्या, म्हणजे क्लोरीनच्या थेंबांच्या, चार बाटल्या काढून ठेवल्या. म्हटलं, ‘ताई, ही पाण्यात टाकायची. रोज. घागर भरली की आधी थेंब, मग अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. पोटाचा आजारच होणार नाही.’

त्यांनी एका बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला, नाक मुरडलं.

‘लेकरं पिणार न्हाईत.’

‘सवय होते.’

‘आन् मी पहाटं चारला फडात जाते. घागर सासू भरती. तिला दिसत न्हाई.’ त्यांनी झाकण लावून बाटली काउंटरवर माझ्याकडे सरकवली. ‘भाऊ, तुमी येता का रोज थेंब टाकायला?’